माळ उतरून ठेवावी काय?



गेल्या कार्तिकातली गोष्ट. लोहाऱ्यास पहाटेचा काकडा नुकताच आटोपला होता. मंडळी पांगली होती आणि आम्ही टाळ पेटीत ठेवून देवळाच्या पायरीवर बसलो होतो. एवढ्यात गावातलाच एक शेतकरी आला. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. चार वर्षांमागे आषाढीला त्याने माळ घेतली होती, ती आमच्याच सांगण्यावरून. तेव्हापासून दारू सुटली होती. घरात दाणा दिसू लागला होता, पोरगी पुन्हा शाळेत जाऊ लागली होती. हे आम्ही चार ठिकाणी कीर्तनात सांगतही होतो, आणि सांगताना थोडा आमचाही मोठेपणा त्यात येत होता.

त्या सकाळी तो आला तो खाली मान घालून. गळ्यातली माळ काढून त्याने पायरीवर ठेवली. म्हणाला, "महाराज, हे तुमच्यापाशीच ठेवा जी. कापसाचा चुकारा हाती आला, अन् बसलो लोकायसंगं. नाही राहवलं माह्यानं. आता हे गळ्यात ठेवून सोंग काहून करू?"

आम्ही रागे भरलो. नियम मोडलास तो मोडलास, आणि वर माळही उतरवतोस, तुला काही लाज आहे की नाही, असे बरेच बोललो. तो ऐकत राहिला. मग एवढेच म्हणाला, "सकाळी उठलो तवा मनात नव्हतंच ना जी. पाणी देऊन घरी यायचं, एवढंच होतं. मंग मले तिथं कोनं नेलं?"

एवढे बोलून तो निघून गेला. माळ आमच्या हातात राहिली.

आमचा तो राग त्याच्या कल्याणासाठी नव्हता. आमच्या शब्दावर घेतलेली माळ परत आली, हा आमचा पाणउतारा झाला असे वाटले, म्हणून तो राग होता. हे आम्हांस कळावयास चार दिवस लागले. आणि पाचव्या दिवशी नित्याप्रमाणे गीतेचा तिसरा अध्याय समोर आला, तेव्हा आम्ही छत्तिसाव्या श्लोकापाशी थांबलो. तेथे अर्जुन भगवंतास हेच विचारतो आहे. माणसाची इच्छा नसतानाही, कोणी बळेच जुंपावे तसा तो पापाकडे ओढला जातो, त्याला ओढणारा कोण? आम्ही हा श्लोक किती वेळा म्हटला असेल याचा हिशेब नाही. पण कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे घालवून आलेला आमच्या गावचा माणूस हाच प्रश्न वऱ्हाडीत विचारतो आहे, हे त्या सकाळी आम्हांस ओळखता आले नाही.

भगवंताचे उत्तर वाचकांस ठाऊक आहे: काम आणि क्रोध. माउलींनी त्या ठिकाणी या दोघांचे जे भयंकर रूप उभे केले आहे, तेही पारायण करणाऱ्यास ठाऊक आहे. पण शत्रूचे नाव कळले म्हणजे शत्रू मेला असे नाही. नाव कळल्यावर पुढे काय, आणि मुख्य म्हणजे एकदा लढाई हरलेल्याने पुढे काय करावे, हा त्या माणसाचा प्रश्न होता. त्याचा शोध घेताना आम्ही एका आडवाटेने गेलो. ती वाट परधर्मीयांच्या अंगणातून जाते. कोणी नाक मुरडील, पण या एका प्रश्नाला ज्यांनी आपल्या धर्माच्या अगदी मध्यभागी बसविले आहे असे लोक पाहावयाचे, तर ख्रिस्ती लोकांकडे पाहावे लागते. आणि ते आम्हांस दूरचे नाहीत. लोहाऱ्याहून यवतमाळ ते किती? त्या यवतमाळास अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनचे मोठे ठाणे होते. तेथेच १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी नावाचे त्यांच्या धर्मशिक्षणाचे विद्यालय उघडले आणि १९८३ मध्ये ते पुण्यास जाईपर्यंत तीस वर्षे चालले. हिंदुस्थानातील नाना प्रांतांची माणसे पौलाची पत्रे शिकावयास आमच्या यवतमाळास येत होती, आणि आम्ही बाजाराला जाऊन भाजी घेऊन परत येत होतो!

पौल म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगू. हा पहिल्या शतकातला शिकलेला यहुदी. आपल्या धर्मशास्त्राचा इतका अभिमानी की येशूच्या शिष्यांचा त्याने छळ केला, आणि पुढे स्वतःच येशूचा दास झाला. रोम शहरातील ख्रिस्ती मंडळीला त्याने लिहिलेले पत्र त्यांच्या नव्या करारात आहे. त्याच्या सातव्या अध्यायात हा माणूस आपले मन उघडे करतो. त्याच्या सांगण्याचा आशय असा: शास्त्र चांगलेच आहे, दोष शास्त्रात नाही. माझ्या मनालाही ते पटते. पण मला जे करावयाचे असते ते माझ्या हातून होत नाही, आणि ज्याचा मला तिटकारा तेच मी करून बसतो. माझ्या अवयवांत दुसराच कोणी कायदा चालवितो आहे आणि त्याने मला कैद केले आहे. शेवटी तो आक्रोश करतो की यातून मला सोडवील कोण, आणि लगेच त्याच श्वासात ख्रिस्ताच्या द्वारे देवाचे आभार मानतो.

आता आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक श्लोक प्रसिद्ध आहे. धर्म मला कळतो पण वळत नाही, अधर्मही कळतो पण सुटत नाही, हृदयात बसलेला कोणी देव मला नेमील तसा मी वागतो, असा त्याचा भाव. वरवर पाहता दुर्योधन आणि पौल एकच बोलतात. पण दुर्योधन शेवटी बोट देवाकडे दाखवितो आणि गदा उचलून पुन्हा तेच करावयास मोकळा होतो. पौल बोट स्वतःकडे दाखवितो आणि हात देवाकडे पसरतो. आमच्या शेतकऱ्याने 'कोनं नेलं' असे विचारले खरे, पण माळ उतरून ठेवली तीही स्वतःच. तो दुर्योधन नव्हे, हे त्यावरूनच आम्ही ओळखावयास हवे होते.

या सातव्या अध्यायावरून ख्रिस्ती पंडितांत मोठा वाद आहे, आणि तो वाद आम्हांस फार उपयोगी वाटला. पौल हे वर्णन करतो ते येशूकडे येण्यापूर्वीच्या आपल्या स्थितीचे, की आल्यानंतरच्या? पूर्वीचे म्हटले तर अर्थ असा होतो की देवाचा झाला त्याचे भांडण मिटले. नंतरचे म्हटले तर अर्थ असा की देवाचा झाल्यावरही हे भांडण आतमध्ये चालूच राहते. उत्तर आफ्रिकेत ३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन हा त्यांचा फार मोठा आचार्य. तरुणपणी विषयसुखात बुडालेला. देवा, मला शुद्ध कर, पण एवढ्यात नको, अशी आपली प्रार्थना असे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्यातल्या कितीजणांची प्रार्थना याहून वेगळी असते? पुढे ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत पौलाचे हेच रोमकरांस लिहिलेले पत्र उघडून वाचताना त्याचे मन पालटले. हा ऑगस्टीन आधी म्हणत असे की सातवा अध्याय हा कृपा होण्यापूर्वीच्या माणसाचा आहे. म्हातारपणी त्याने मत बदलले: नाही, हा देवाच्या दासाचाच आक्रोश आहे. मत का बदलले? पेलागियस नावाच्या साधूशी त्याचा वाद झाला हे एक कारण. माणूस मनात आणील तर स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकेल, असे पेलागियसाचे म्हणणे. पण आम्हांस वाटते की दुसरे कारण ऑगस्टीनच्या घरातलेच असावे. बिशप झाल्यावर लिहिलेल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या दहाव्या भागात तो कबूल करतो की जेवणाच्या पानावर आणि रात्रीच्या स्वप्नात जुने सोबती अजून भेटावयास येतात. ज्याला हे दिसले, तो निष्पापपणाच्या गप्पा कशा मारील?

मार्टिन ल्यूथर ऑगस्टीनच्या बाजूचा. जॉन वेस्ली, ज्याच्यापासून मेथॉडिस्ट पंथ निघाला, तो दुसऱ्या बाजूचा. कृपेने याच जन्मी अंतःकरण प्रेमाने भरून पापाची सत्ता पुरती मोडू शकते, अशी त्याची शिकवण. यवतमाळचे मिशन याच परंपरेतले. गंमत पाहा, २४ मे १७३८ च्या सायंकाळी लंडनमधील एका सभेत वेस्लीला जो अनुभव आला, तो ल्यूथरने त्याच पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचून दाखवीत असताना आला. आणि त्या अनुभवानंतरही आपल्या रोजनिशीत तो शंका आणि चंचलता लिहितोच.

असो. ग्रंथांतली भांडणे ग्रंथांत ठेवू आणि मराठी माणसाकडे येऊ. १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात बसले होते. कोकणातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृतज्ञ, आणि कोठेही स्थिर न होणारे. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. ते होते अर्नेस्ट वॉर्ड, ज्या फ्री मेथॉडिस्ट मिशनचे ठाणे पुढे आमच्या यवतमाळास झाले त्याच मिशनचे. बोलणे झाले, वॉर्ड यांनी त्यांच्या हाती बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या धर्मांतराविषयी आमच्या वाचकांस काय वाटावे हे आम्ही सांगणार नाही. त्या काळी त्यांच्या घरावर कोसळलेले दुःख लहान नव्हते. पण त्यांच्या नंतरच्या आयुष्याचा जो पुरावा आपल्याजवळ आहे तसा फार थोड्या साधकांचा असतो, कारण तो त्यांच्या पत्नीने लिहिला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा राग आहे. तो राग कसा येई, आला म्हणजे घरातल्या वस्तूंची आणि माणसांची काय गत होई, हे बाईंनी आडपडदा न ठेवता, आणि नवल म्हणजे हसत हसत सांगितले आहे. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले आणि राग वाहून गेला, असे त्या कोठेही म्हणत नाहीत. टिळकांचा उतावळेपणा राहिला, हातातले देऊन टाकून घर रिकामे करण्याची खोड राहिली. पण काही तरी पालटत होते. चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर बाई नवऱ्याकडे आल्या त्या आपले सोवळे घेऊन आल्या. आपला स्वयंपाक वेगळा, आपले पाणी वेगळे. एरवी क्षुल्लक कारणाने भडकणाऱ्या या माणसाने त्या बाबतीत बायकोवर सक्ती केली नाही. त्यांनी वाट पाहिली. पुढे १९०० साली बाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

आम्हांस येथे एक गोष्ट लक्षात आली. कृपा झाली की नाही, हे ज्याच्यावर झाली त्याला विचारू नये. त्याच्या घरातल्या माणसांना विचारावे. कीर्तनकाराच्या वैराग्याची परीक्षा त्याच्या बायकोपाशी, आणि माळकऱ्याच्या नेमाची परीक्षा त्याच्या पोरांपाशी. लक्ष्मीबाईंसारखी साक्षीदार मिळाली आणि तिने सगळे दोष सांगूनही शेवटी नवऱ्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य स्वतः पुरे केले, यापेक्षा टिळकांच्या बाजूचे मोठे प्रमाणपत्र आम्हांस दिसत नाही.

टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबारायांच्या पुलावरून. आम्हां वारकऱ्यांना हे वाक्य थोडे टोचते. आमचे देहू म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गावाला जाण्याचा पूल नव्हे. पण राग बाजूस ठेवून विचार केला तर टिळकांना तुकोबांत काय सापडले असेल हे कळते. तुकोबांच्या गाथेत स्वतःला पतित, अन्यायी, अपराधी म्हणणारे किती अभंग आहेत! आपण ते चालीवर म्हणतो, टाळाच्या ठेक्यावर डोलतो, आणि मनात म्हणतो की ही महाराजांची नम्रता. ती नम्रता आहे असे म्हटले की आपण सुटलो; कारण मग ते खरे नाही असे ठरते. टिळकांनी ते खरे मानले. ज्याने इंद्रायणीच्या डोहाकाठी अन्नपाणी सोडले, तो माणूस आपल्या मनाबद्दल खोटे का सांगेल? संतांना आपले पाप जास्त दिसते ते पाप जास्त असते म्हणून नव्हे, दिवा जास्त असतो म्हणून. कोंदट खोलीत धूळ दिसत नाही. कवाड उघडून ऊन आत आले की दिसते.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, कुटुंबासह तीर्थे केली, देवळांत बसून पुराणे सांगितली, पुण्य जोडले. दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊ गेला, नवराही गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटते की येथे गोष्ट संपली. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळले, आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता. आठ वर्षे! एवढ्या अवधीत १८८९ चे शारदासदन निघाले होते, विधवा मुलींना आसरा मिळाला होता, जगात नाव झाले होते. आणि आत पापाचे ओझे जसेच्या तसे. चांगली कामे करून ते उतरेना. ज्या दिवशी त्यांनी आपल्या बाजूचा हिशेब मांडणे सोडले आणि आहे तशी मी तुझी असे म्हटले, त्या दिवशी त्यांना विसावा मिळाला. पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. त्या साक्षीतला धर्म बाजूला ठेवला तरी आमच्या उपयोगाची गोष्ट उरते: वेष घेतला, नेम घेतला, लोकांनी हात जोडले, तरी आतले भांडण तसेच असू शकते, आणि हे कबूल करण्यास आठ वर्षे लागू शकतात. रमाबाईंनी केले. आमच्यापैकी पुष्कळांची हयात जाते आणि होत नाही.

येथे कोणी विचारील, कृपेनेच सगळे होणार असेल तर नेम कशाला, एकादशी कशाला? उद्या हाच माणूस म्हणेल, विठोबा क्षमा करणारच, आणखी एक पेला भरा. ही शंका खरी आहे, आणि ती पौलालाही विचारली गेली होती. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात तो ती घेतो: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय? आणि छे, असे कधीच न होवो, म्हणून झिडकारतो. आपल्याकडे पद्मपुराणात नामाचे दहा अपराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक अपराध. म्हणजे ही वाट दोन्हीकडे अडवलेली आहे. पण आम्हांस विचाराल तर, जो असा बेरकीपणा करतो तो माळ उतरवून देवळात येत नाही. तो माळ घालूनच गुत्त्यात जातो. पायरीवर माळ ठेवणाऱ्याला हा उपदेश करणे म्हणजे भुकेल्याला अजीर्णाचे औषध देणे. आणि आम्ही नेमके तेच केले होते.

श्रीवैष्णवांत यावर दोन न्याय सांगतात. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू नुसते पडून राहते आणि मांजर त्याला मानगुटीला धरून नेते. जीवाने देवाला धरावे, की देवाने जीवाला? ख्रिस्त्यांतला पेलागियसाचा वाद आणि हा वाद अगदी एकच नव्हेत. माकडाच्या पिल्लालाही आई लागतेच, पेलागियसाला जवळजवळ लागत नाही. पण आम्ही एक पाहिले आहे. मांजर पिल्लाला उचलते तेव्हा ते अंग ढिले सोडते. झटापट करीत नाही. तेवढे तरी त्याला करावेच लागते, आणि अभिमानी माणसाला तेवढेच सर्वांत कठीण जाते.

आता भेद सांगतो, कारण सगळे एकच आहे म्हणून मोकळे होणे आम्हांस आवडत नाही. ख्रिस्ती माणूस पापाचे मूळ आदिपुरुषाच्या आज्ञाभंगात पाहतो, आपण ते अनेक जन्मांच्या वासनेत पाहतो. त्याला हा एकच जन्म. म्हणून त्याच्या प्रार्थनेत जी घाई आणि जो आक्रोश असतो तो आपल्याला परका वाटतो. त्याची कृपा एका ठिकाणी आणि एका काळी, क्रुसावर, मोल देऊन विकत घेतलेली आहे. आपली विटेवर उभी आहे, अठ्ठावीस युगे म्हणतो आपण, आणि मोलाचे नावच घेत नाही. ख्रिस्ती म्हणेल, मोलाशिवाय क्षमा स्वस्त होते. आपण म्हणू, आईने मोल मागितले तर ती आई कसली? हा भेद मोठा आहे आणि तो तसाच राहू द्यावा.

पण आमच्या शेतकऱ्याच्या प्रश्नापुरते आम्हांस जे मिळाले ते असे. त्याने माळ उतरविली याचा अर्थ त्याने माळेला आपल्या चार वर्षांच्या कमाईची पावती मानले होते. कमाई गेली, पावती परत केली. हे त्याला शिकविले कोणी? आम्हीच. चार वर्षे कीर्तनात आम्ही त्याचे उदाहरण देत होतो ते असेच, की पाहा, याने दारू सोडली म्हणून हा माळेला शोभतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी असला तरी अनन्यभावाने मला भजत असेल तर त्याला साधूच समजावे. त्यात आधी सुधार आणि मग भज असा क्रम नाही. भजणे आधी आहे. लढाई जिंकून माळ घालावयाची नसते. लढावयाचे ते माळ घालून. टिळकांचा राग आणि ऑगस्टीनची स्वप्ने आम्हांस एवढ्याचसाठी जवळची वाटली, की ते पडल्यावर दाराबाहेर जाऊन बसले नाहीत. आतच पडले आणि आतच उठले.

मात्र एक राहिले. त्या चुकाऱ्यातले पैसे गेले ते त्याच्या एकट्याचे नव्हते. तूर निघेपर्यंत घर ज्यावर चालावयाचे ते गेले. देवाने क्षमा केली म्हणून बायकोचे डबे भरत नाहीत. तिची क्षमा वेगळी मागावी लागते, आणि ती देईल तेव्हा देईल.

मार्गशीर्षातल्या एकादशीला आम्ही माळ घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात तुरीच्या काड्या रचीत होता. आम्ही ओसरीवर बसलो आणि त्याला सांगितले की त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकीचे होते. तुझ्या हातून दारू घडली तशी आमच्या हातून तो क्रोध घडला, आणि मनात तो आमच्याही नव्हता. तो गोंधळला. असे बोलणे त्याने आमच्याकडून कधी ऐकले नव्हते. बायको दारातून म्हणाली, "तुमी माळ देऊन राहिले महाराज, पन त्याईनं पुन्हा पेली तं?"

आम्ही म्हटले, "बाई, तर तुम्ही आम्हांला सांगा. आम्ही पुन्हा येऊ."

ती हसली नाही. तिने माळ आमच्या हातातून घेतली, नवऱ्याच्या हाती दिली नाही, खुंटीला अडकवली आणि आत जाऊन चहा ठेवला.

माघी एकादशीला तो भजनाला आला आणि मागे खांबापाशी बसला. थंडी होती, गळ्याभोवती उपरणे गुंडाळलेले होते. आत माळ होती की नाही, ते आम्ही पाहिले नाही.